पान वाजेपर्यंत

मोसंबीच्या बागेला ताण देतात असं बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो आपल्याला वेड्यात काढतो. बाग हिरवीगार, विहिरीत पाणी, लाइट चालू, आणि शेतकरी मोटार बंद करून बांधावर बसलेला. पण रीत हीच आहे. दिवाळी सरून थंडी पडली की पाणी तोडायचं. झाड तहानेलं करायचं. पानं आधी मलूल होतात, मग पिवळी पडतात, मग गळायला लागतात. बघवत नाही. पण तसं केल्याशिवाय झाड फुलावर येत नाही, नुसता पाला काढत बसतं. संक्रांतीच्या सुमाराला ताण तोडायचा. तोही एकदम नाही. पहिलं पाणी आंबवणीचं, म्हणजे हलकं, झाडाचं तोंड ओलं करण्यापुरतं. थोडे दिवस थांबून दुसरं, जरा बरं. मग भरपूर. मग बाग पांढरी होते आणि वास असा सुटतो की रस्त्यानं जाणारा गाडी हळू करतो.

सगळी अक्कल एवढीच, की ताण कधी तोडायचा. लवकर तोडला तर फूल नाही. उशीर झाला तर झाड शेंड्याकडून वाळत खाली येतं, मग कितीही पाणी पाजा. आमच्या घरात हे ठरवायचं काम माझं नव्हतं. बायकोचं होतं.

ती झाडाखाली उभी राहून एक पान तोडायची, मुठीत घ्यायची आणि कानाशी नेऊन मूठ आवळायची. पान वाजलं पाहिजे. नुसतं चुरगळलं तर अजून ओल आहे. कडकडून तुकडे झाले तर उशीर झाला. मधला एक आवाज असतो. ती म्हणायची, नव्या लुगड्याची घडी मोडताना येतो तसा. मला तो कधी ऐकू आला नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी विहिरी खांदायच्या कामावर गेलतो, तिथं सुरुंगाचा बार जवळ उडाला. तेव्हापासून डावा कान गेला आणि उजवा निम्मा. त्यामुळं ती म्हणायची, "करा चालू," आणि मी मोटारीचं बटण दाबायचो. इतकी वर्षं बाग अशी पिकली. लोक मला बागाईतदार म्हणायचे. मी हो म्हणायचो.

मग तो दुष्काळ आला. पहिला नव्हे, अलीकडचा. त्या वर्षी आम्ही रीतीप्रमाणं ताण दिला आणि संक्रांतीला तोडायला गेलो तर विहिरीत मोटारीचा फुटबॉल, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाचं तळातलं तोंड, उघडा पडलेला. ताण तोडायला पाणीच नाही. झाडं उभी होती तशी उभी राहिली. माघ गेला, फाल्गुन गेला. ताण आपला आपण लांबत गेला.

आमच्याकडं फळबागवाल्यांची सहकारी सोसायटी आहे. एरवी माल गोळा करून गाडी भरायचं काम. त्या उन्हाळ्यात तिनं टँकर लावले. नदीकाठच्या गावातून पाणी यायचं आणि सभासदांना वाटून मिळायचं. वाटून म्हणजे तोंड धुवायला पुरेल एवढं. चेअरमन माझ्याच बरोबरचा, चौथीपर्यंत एका पाटावर बसलेला. पुढं तो शिकला, मी बैलामागं गेलो. त्यानं मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं, "अर्धी बाग तोडा अन् अर्धी जगवा. सगळी धरून बसलात तर सगळी जाईल." खरं होतं त्याचं. पुढच्या आठवड्यापासून चहूकडून कुऱ्हाडीचे आवाज यायला लागले. ते मलासुद्धा ऐकू यायचे.

मी कुऱ्हाडीला धार लावून आणली. बायको दारात उभी.

"कोणती तोडणार?"

"वरची पट्टी. तिथं मुरूम हाय."

"वरची पट्टी मी लावलीय. तुमी तवा पंगतीला गेलते कुणाच्यातरी."

"आगं पण पाणी कुठून घालणार समद्यांला?"

"समद्यांला थोडं थोडं. फांद्या छाटा, झाडं न्हाई. आपल्या मरणानं मरत असतील तर मरू द्या, तोडून न्हाई मारायची."

ती एकदा असं बोलली की पुढं बोलायची सोय नव्हती. मी फांद्या छाटल्या. खोडांना चुना फासला. बुडाशी उसाचं पाचट अंथरलं आणि प्रत्येक आळ्यात एक मडकं पुरलं, बुडाला भोक पाडून त्यात चिंधीची वात घातलेली. मडक्यात पाणी भरायचं आणि ते वातीनं ठिपकत राहायचं. टँकरचं पाणी बांधावरच्या टाकीत पडायचं, तिथून कळशीनं न्यायचं. ते मी आणि ती.

तेव्हा तिचा दम मला दिसला. आधीपासून असणार. खोकला तर किती वर्षांचा होता, घरातलं मांजर असावं तसा. पण आता एका झाडाला पाणी घातलं की ती खाली बसायची. कळशी पुढं, हात गुडघ्यावर, तोंड उघडं. मी म्हणायचो, "राहू दे." ती हातानंच मला पुढं हाकलायची, कारण बोलायला वारा नसायचा.

बीडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, नळी लावून ऐकलं. मग विचारलं, "बिडी ओढता का आजी?"

तिनं माझ्याकडं बोट केलं. "बिडी ह्ये ओढत्यात. दमा मला कसा काय?"

डॉक्टर हसला, पण लगेच थांबला. "चुलीपुढं किती वर्षं?"

"जलमल्यापासूनच म्हणा की."

तो म्हणाला, धुरानं फुफ्फुस आतून भाजल्यासारखं झालंय. औषध देऊ, तोंडानं ओढायचा पंप देऊ, पण झालेलं मागं येत नाही. आता धूर एकदम बंद. घरी गॅस होता की. पोरानं पुण्याहून येऊन जोडून दिलेला. तिनं त्यावर टॉवेल झाकून ठेवला होता. गॅस पाहुण्यांच्या चहाला. आमच्या दोघांची भाकरी चुलीवर, कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या जाळून. घरात गॅस आला म्हणून बाईमाणसानं चूल सोडायची हे तिला पटत नव्हतं. दवाखान्यातून आल्यावरही ती चुलीपुढंच जाऊन बसली. मी ओरडलो तर म्हणाली, "पऱ्हाट्या काय फेकून देऊ?"

वैशाखात माझी भाची आली. बहिणीची पोरगी, परभणीला कॉलेजात शिकवते. झाडांच्या आत काय चालतं ते तिचं शिक्षण. मामी आजारी म्हणून भेटायला आली होती, पण येतानाच बागेत जाऊन आली आणि चक्रावून गेली.

"मामा, एवढ्या पाण्यावर ही झाडं मेली कशी नाहीत?"

त्याच वेळी चेअरमन टँकरचा दिवस सांगायला आला होता. ओसरीवर आम्ही चौघं. दुपार. बायको वांगी चिरत होती आणि फोडी मिठाच्या पाण्यात टाकत होती. चेअरमन म्हणाला, "मेली न्हाईत कारण तुझी मामी त्यांला रोज शिव्या देती. शिव्यांनी झाडं टणक होत्यात."

"चेअरमनला दिल्या आस्त्या तर टँकर वाढला आस्ता," बायको म्हणाली.

भाची हसली. मग तिनं परातीतली एक फोड उचलून बाजूला ठेवली. "मामी, ही अशीच ठेवली तर काय होईल?"

"काळी पडंल. हवा लागती."

"तेच. आपण जिच्यावर जगतो तीच हवा. लोखंडाला लागली की गंज, वांग्याला लागली की काळं. अंगातसुद्धा तेच चालतं. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं असतं, डोळ्याला न दिसणाऱ्या. प्रत्येक पेशी ही हवा जाळून काम करते आणि जाळताना ठिणग्या उडतात. थोड्या उडाल्या तर चालतं. ऊन वाढलं, पाणी तुटलं, धूर गेला, की फार उडतात. मग पेशी आतून गंजायला लागते."

"मंग माणूस रोज कावून गंजत न्हाई?" मी विचारलं.

"कारण प्रत्येक पेशीत एक जागल्या असतो." मी जागल्या म्हणजे गावचा, रात्री काठी आपटत फिरणारा, तोच डोळ्यापुढं आणला. तसं विचारलं तर भाची म्हणाली, तसंच समजा. "गंमत अशी की एरवी त्याला कुणी जगू देत नाही. तो सारखा तयार होतो, आणि त्याला धरून ठेवणारा दुसरा एकजण असतो, तो त्याला सारखा मोडीत काढतो."

"कावून गं? बिचाऱ्यानं काय केलं?" बायकोचा विळीवरचा हात थांबला.

"काम नसताना मोकळा सोडला तर तोही घातक. अंगात वाईट गाठ असली तर तो तिलाही राखत बसतो. म्हणून धरून ठेवायचं. पण ठिणग्या वाढल्या की पहिला चटका त्या धरणाऱ्याच्या हाताला बसतो. हात भाजला की पकड सुटते. जागल्या मोडीत निघायचा थांबतो, पळत आतल्या खोलीत जातो. त्या खोलीत पेशीची सगळी कामं कशी करायची ते साठवलेलं असतं. जनुकं म्हणतात. बरीचशी झोपलेली असतात. जागल्या त्यातली फक्त राखणीची तेवढी जागी करतो. मग पेशी आपल्या आपणच गंज पुसायचा माल करायला लागते. ठिणग्या विझल्या की परत त्याला धरतात."

मी चौथी शिकलेला माणूस. पण हे मला समोर मांडून ठेवल्यासारखं दिसलं. कुणीतरी ओरडून सांगायचं नाही, निरोप नाही. ज्याचा हात भाजला त्यालाच कळतं, आणि हात सुटणं हाच निरोप.

बायको म्हणाली, "म्हंजी आपल्या सोसायटीवाणी. एरवी टँकर आडवून ठेवायचा, अन् दुष्काळ पडला की सोडायचा."

"टँकर बारा महिने दारात उभा ठेवला तर डिझेल कुणाचा बाप भरंल?" चेअरमन म्हणाला.

"अगदी हेच," भाची म्हणाली. "पेशीलाही ते परवडत नाही."

"अन् झाडात?" मी विचारलं.

"झाडातला जागल्या वेगळा, मामा. माणसातला तिथं नसतो. पण रीत तशीच. तुम्ही दर वर्षी ताण देता आणि वेळेवर तोडता. ताणात झाडाची राखण जागी होते, पाणी आलं की झाड सावरतं. असं पुन्हा पुन्हा झालं की झाड पुढच्या ताणाला लवकर जागं होतं, असं दिसतं. ही बाग त्याच्यामुळंच तगली असं मी म्हणणार नाही. मडकी आहेत, पाचट आहे, छाटणी आहे. पण त्याचाही हात असेल."

बायको परातीतलं पाणी हातानं ढवळत होती. बाजूला ठेवलेली फोड तोवर तपकिरी पडली होती. तिनं ती उचलून बघितली.

"मंग माझा जागल्या कुठं गेला गं?"

चेअरमन टोपी काढून तिच्यात बघायला लागला. भाचीचे डोळे भरले, पण पोरगी खोटं बोलली नाही. ते तिचं मला आवडतं.

"तो उठला मामी. रोज उठला. सकाळच्या धुराला, संध्याकाळच्या धुराला. इतकी वर्षं तोच तुला राखत आला. पण धूर थांबलाच नाही. त्याला मधे उसंतच नाही मिळाली. मग तो कमी पडत जातो."

"ताण लांबला म्हण की."

"हो."

"अन् तोडला न्हाई कुणी." हे ती हसत म्हणाली, आणि हसताना खोकला आला, आणि खोकला थांबेना. भाची पाठ चोळत राहिली. मी उठलो, आत गेलो, कोपऱ्यातली पहार घेतली आणि चुलीवर घातली.

चूल तिनं स्वतःच्या हातानं घातलेली, दर सणाला सारवलेली. दोन घावांत बसली. मी मागच्या वैलावर, म्हणजे चुलीच्या जोडतोंडावर, तिसरा घातला. बायको भिंतीला धरत दारात आली. मला वाटलं ही आता मला त्याच पहारीनं मारणार. सवाष्ण बाई घरात जिवंत असताना चूल मोडत नाहीत आमच्यात. अपशकुन.

"मोडली?" ती म्हणाली.

"मोडली."

"आन् आता मातीचा ढिगारा कोण भरणार? तुमचा चेअरमन?"

चेअरमननं भरला. घमेल्यानं उकिरड्यावर नेऊन टाकला. तिनं त्या दिवशी गॅसवरचा टॉवेल काढला, घडी करून फडताळात ठेवला, आणि वांग्याची भाजी केली. त्यानंतर आमच्या घरात धूर झाला नाही. मी बिडीसुद्धा रस्त्यापलीकडं जाऊन ओढायचो, मग तीही सुटली.

पुढं पाऊस झाला. बेताचा, पण झाला. छाटलेल्या खोडांना डोळे फुटले. वरच्या पट्टीतली थोडी गेली, बाकी सगळी फुटली. ज्यांनी अर्धी बाग तोडली होती ते बघायला यायचे, नुसतं फुटव्याला हात लावून जायचे. बायको बांधावर खुर्ची टाकून बसायची. तिलाही त्या पावसाळ्यात बरं होतं. खोकला निम्म्यावर आला. एकदा तर शेजारच्या बाईशी कडाकडा भांडली, न थांबता, आणि मी घरात बसून ते ऐकत होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. मला वाटलं जागल्याला उसंत मिळाली. मी भाचीला फोनवर तसं म्हणालो. ती म्हणाली, "होय मामा, थोडी." थोडी हा शब्द मी तेव्हा ऐकला नाही. निम्मा कान.

दिवाळी झाली. आम्ही बागेला ताण दिला. देऊ नये असं मला वाटत होतं, आधीच दुष्काळातून निघालेली झाडं. ती म्हणाली, "द्या. आता पाणी हाय विहिरीत. तोडायला पाणी आसंल तर ताणाला भ्यायचं न्हाई."

थंडी वाढली तशी ती अंथरुणाला लागली. बागेत जाणं होईना. मी रोज एक पान तिच्याकडं आणायचो. तिच्या मुठीत जोर राहिला नव्हता, म्हणून मी तिच्या कानाशी मूठ नेऊन आवळायचो. ती डोळे मिटून ऐकायची.

"अजून न्हाई."

दुसऱ्या दिवशी परत. "अजून न्हाई. थांबा."

शेवटचं पान तिनं ऐकलं त्या दिवशी ओठ निळे पडले होते. मान हलवली, नाही म्हणून. दुपारी गाडी करून बीडला नेलं. दवाखान्यात तोंडाला मास्क लावला, उशाला सिलिंडर. भाची आली होती. मी तिला बाहेर घेऊन विचारलं, "हीच ना ती हवा? गंजवणारी?"

"हीच, मामा."

"मंग?"

"हिच्याशिवाय पण नाही," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

मी आत जाऊन बायकोचा हात धरला. भाकरी थापून थापून तळवा असा झालेला की तव्यावरची भाकर ती उलथन्याशिवाय पलटायची. तिनंही धरला होता माझा, घट्ट. मग तिची पकड सुटली. मी तरी धरून बसलो. नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, सोडा आता."

पुढचं सगळं रीतीनं झालं. पोरगा आला, पाहुणे आले, दहावा झाला, तेरावा झाला. सगळे येऊन मला सांगायचे, सोन्यासारखी बाई होती. मी म्हणायचो, हो. गेले सगळे. पोरगा म्हणाला, "चला पुण्याला." म्हणलं, बाग ताणावर आहे.

खरंच होती. इतके दिवस कुणी तिकडं फिरकलं नव्हतं. सकाळी गेलो तर जमिनीवर पिवळी पानं, वर फांद्यांना सुकून वळलेली. मी एक पान तोडलं आणि उजव्या कानाशी मूठ आवळली. काही नाही. दुसरं तोडलं. जोरात आवळलं, डोळे मिटले, श्वास धरला. काही नाही. ते वाजत होतं का नव्हतं, वेळ होती का गेली, मला सांगणारं कुणी नव्हतं. एकेका झाडाखाली जाऊन बघितलं. सगळी बाग तोंड उघडं टाकून उभी, कळशी पुढं घेऊन बसल्यासारखी.

मी जाऊन मोटार चालू केली. आंबवणीचं हलकं पाणी नाही. पूर्ण पाट सोडला. आळी भरून वाहू दिली. आपण चूक करतोय हे लहान पोरालाही कळलं असतं. एकदम एवढं पाणी दिलं की झाड फुलाचं विसरतं, पाल्यावर जातं. मला कळत होतं. तरी सोडलं.

चेअरमन रस्त्यानं चालला होता. पाण्याचा लोट बघून धावतच आत आला.

"आरं येडा हायस का बे? आंबवणी तरी दे! एकदम कावून सोडलंस?"

मी पाटात अडकलेला पाला पायानं बाजूला सारला.

"यंदा एक फूल लागणार न्हाई. सोसायटीच्या गाडीत तुझ्या मालाची एक जाळी नसंल."

"नसू दे."

"तिनं सांगितलतं का सोडायला?"

"न्हाई. ती थांबाच म्हणलती."

"मंग?"

"लई दिस झाले बे," मी म्हणलं. "उभ्या हायत्या तशाच. मला न्हाई बघवत."

तो मोटारीच्या पेटीकडं गेला. बटणावर हात ठेवला. मला वाटलं बंद करतो. माझ्याकडं बघत थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग हात काढला, चपला बांधावर काढून ठेवल्या, धोतर खोचलं आणि पडलेलं खोरं उचलून पाण्यात उतरला. एका ओळीची आळी भरली की माती सारून पाणी दुसऱ्या ओळीला वळवायचं, दारं धरणं म्हणतात आम्ही. चेअरमन झाल्यापासून त्यानं ते केलं नव्हतं. दोनदा घसरला.

वरच्या पट्टीपाशी पोचल्यावर तो वाकून ऐकायला लागला. कोरड्या मातीत पाणी मुरताना आवाज येतो म्हणे. मला नाही येत.

"लई पितायत रे," तो म्हणाला.

"पिऊ दे," मी म्हणलं.